कंगवा फळीवर, मी डोक्यावर

मी बोलतोय. इकडे, आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी. हो, तेच, केस कापायचं काळं मशीन. एरवी माझं बोलणं म्हणजे नुसती घरघर. पण मालक आत्ता जेवायला गेलेत, तेवढ्यात मन मोकळं करून घेतो.

माझा जन्म कारखान्यातला. एका पट्ट्यावरून आम्ही सगळी भावंडं रांगेत निघालो आणि खोक्यात बसून जगभर पांगलो. एक भाऊ जनावरांच्या दवाखान्यात लागला. त्याची गिऱ्हाइकं म्हणे चावतात. माझी चावत नाहीत, पण चावरी असती तरी चाललं असतं असं म्हणायची वेळ माझ्यावर एकदा आली. तेच सांगतो.

आमचे मालक अबोल. 'या', 'बसा' आणि 'मान खाली', एवढ्या चार शब्दांवर त्यांनी दुकान उभं केलं. हात मात्र सोन्यासारखा. आधी माझ्या दातांना तेलाचा थेंब. मग मी तापलोय का, हे स्वतःच्या मनगटाला लावून बघणार. मानेपासून वर जाताना डोक्याची गोलाई आली की मनगट अलगद बाहेर वळवणार, म्हणजे केसांत पायऱ्या पडत नाहीत. दुकानात इतकं शांत वाटतं की निवृत्त बस कंडक्टर तर कटिंग नसलं तरी खुर्चीत डुलकी काढायला येतात.

माझ्या दातांवर बसवायचे प्लास्टिकचे कंगवे असतात. एक नंबरचा लावला की केस बारीक, चारचा लावला की जरा लांब. कंगवाच नसला, तर मी थेट कातडीला भेटतो. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मालकांना एक मेव्हणा आहे, बायकोचा धाकटा भाऊ. त्याने स्वतः कधी दुकान काढलं नाही, पण दुकान कसं चालवावं याचे व्हिडिओ मात्र ढिगाने पाहिलेत. मी त्याला सल्लागार म्हणतो. दिसायला छान. डोक्यावर असे दाट, कुरळे केस, की मलासुद्धा ते कापताना वाईट वाटायचं. लग्न ठरलं, तेव्हा तो छातीठोकपणे सांगायचा, "तिने माझे केस बघूनच हो म्हटलंय, दाजी."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तो कटिंगला आला. खुर्चीत बसल्या बसल्या सुरू झाला.

"दाजी, तुमचा धंदा वाढत नाही, कारण तुम्ही बोलत नाही. गिऱ्हाइकाला आपलंसं करा! घरची चौकशी करा! काहीतरी नवीन द्या!"

"मान खाली," मालक म्हणाले.

"हेच ते! चला, माझ्यावरच सराव करा. समजा, मी परका माणूस आहे. विचारा काहीतरी."

मालकांनी कंगव्यात अडकलेले केस काढायला तो माझ्या तोंडावरून उपसला, फुंकला आणि फळीवर ठेवला. तो परत बसवणारच होते. पण सल्लागार आरशातून आशेने बघत होता. मालकांच्या कपाळावर घाम आला. शब्द शोधता शोधता त्यांनी मला त्याच्या मानेला टेकवलं.

"घरी... घरी सगळे बरे आहेत ना?"

"अहो, कुठल्या घरी? माझं घर म्हणजे तुमचं सासर!"

मालक गडबडले, आणि गडबडीत हात वर गेला. कंगवा फळीवर, मी डोक्यावर. मानेपासून थेट माथ्यापर्यंत मी एक लांबरुंद रस्ता तयार करून ठेवला. मी ओरडत होतो हो! पण माझं ओरडणं आणि माझं काम यांचा आवाज एकच, त्याला मी काय करणार?

कंडक्टर जागे झाले. त्यांनी डोकं बघितलं आणि ते पुन्हा झोपले.

"दाजी, मागे गार का लागतंय?"

मालकांनी हळूच मागे आरसा धरला. सल्लागाराच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा शब्द फुटेना. नेमक्या तेव्हा मालकांना बोलणं सुचलं.

"तूच म्हणतोस ना, गिऱ्हाइकाला काहीतरी नवीन द्या."

दुकानाच्या वरच घर. मग सल्लागाराने फोडलेली किंकाळी ऐकून मालकांची बायको धावत खाली आली. तिने भावाला मागून बघितलं. "अहो, हे काय केलंत! उद्या हा उभा कुठे राहणार? भिंतीला पाठ लावून?"

एरवी आजूबाजूचे केसही बारीक कापून चूक लपवता आली असती, पण रस्ता पार माथ्यावर पोचला होता. आता सगळंच डोकं साफ करण्यावाचून इलाज नव्हता. सल्लागार हुंदके देत होता. "ती लग्न मोडेल, ताई." कुरळे केस मांडीवर पडत होते आणि मला खरंच रडू येत होतं.

काम संपलं. मालकांनी मला पुसलं, स्वतः खुर्चीत बसले आणि मला बायकोच्या हातात दिलं.

"माझेही काढ. तो एकटा नको दिसायला."

"अहो, पण मला कुठे येतं?"

"कंगवा लावू नको, म्हणजे झालं."

ताईंनी मला घट्ट धरलं. मालकांनी तोंड उघडताच त्या म्हणाल्या, "मान खाली." मालकांनी मान खाली घातली.

लग्नाला मीही गेलो, मालकांच्या खिशात बसून. टोपी काढून सल्लागार नवरीपुढे उभा राहिला. मी श्वास रोखला. तिने ते चकाकतं डोकं बघितलं, शेजारचं दाजींचंही बघितलं, आणि ती एकदम खुदकन हसली.

"बरं झालं बाई! मला वाटायचं, तो टोपच आहे. इतके दिवस विचारू कसं, तेच कळत नव्हतं."

"टोप? खरे होते ते! दाजी, सांगा ना हिला, खरे होते!"

मालक मांडवाच्या झालरी बघू लागले. पण मी होतो खिशात, माझ्यापासून काय लपणार! ते तेव्हा आतून खदखदा हसत होते, खिसा हलत होता.

आता माझं वय झालं. दोन दात पडलेत, आवाज बसलाय. कधीतरी नवं मशीन येईल आणि मी खणात जाईन. त्याआधी एक विनंती. मी कानाजवळ असेन, तेव्हा मालकांना काही विचारू नका. घरी सगळे बरे आहेत.

आणि त्यांच्या डाव्या हातावर एक गुळगुळीत पट्टा दिसेल, त्याला हसू नका. त्या दिवसापासून कंगवा लावलाय की नाही, हे ते आधी स्वतःच्या हातावर फिरवून बघतात. कंगवा असला तर केस राहतात, नसला तर जातात. पण कुणी गप्पा मारू लागलं की मालक अजूनही गडबडतात आणि कंगवा विसरतात, त्यामुळे त्या पट्ट्यावर आजवर एकदाही केस उगवलेला मी पाहिलेला नाही.