भिंतीवर उठून दिसलेला रंग

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. गडद राखाडी रंगाची, अकरा वर्षांची, आणि मत्सरी. ही शेवटची गोष्ट लोक सहसा लपवतात, पण मला तुमच्यापुढे साळसूदपणाचा आव आणायचा नाही. माझं अर्धं आयुष्य एकीवर जळण्यात गेलं, आणि ती एक म्हणजे माझी बहीण.

बहीण म्हणजे अगदी सख्खी. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी आम्ही दोघी तयार झालो. तेच इंजिन, तीच चाकं, हॉर्नचा आवाजसुद्धा तोच. रंगाच्या खोलीत ती माझ्या पुढे होती. तिच्यावर पांढऱ्या रंगाचा फवारा बसला, मग कामगारांनी नळी धुतली, डबा बदलला, आणि माझ्या वाट्याला राखाडी आला. डबा बदलायला पाचेक मिनिटं लागली असतील. त्या पाच मिनिटांवर माझा अजूनही राग आहे.

बरं, विकल्या जाऊन दोघी दोन दिशांना गेलो असतो तरी माझं पोट इतकं दुखलं नसतं. पण आम्ही गेलो एकाच घरी. दुमजली घर होतं, दोन सख्ख्या बहिणींचं, म्हणजे माणसांतल्या. खाली थोरली बहीण आणि तिचे यजमान, त्यांचं चष्म्यांचं दुकान. वर धाकटी बहीण आणि तिचे यजमान, त्यांची बेकरी. म्हणजे चष्मेवाले आणि बेकरीवाले एकमेकांचे साडू. साडू-साडूंमध्ये जे चालतं ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेलच. दोघांनी एकदमच गाड्या घ्यायचं ठरवलं, कारण एकाने घेतली असती तर दुसऱ्याला झोप लागली नसती.

आमचे चष्मेवाले फार विचारी. छत्री घ्यायची तरी चार दुकानं हिंडून, दांडी वाकवून बघायचे. गाडीच्या रंगावर अपघात अवलंबून असतात आणि पुढे गाडी विकताना किंमतही अवलंबून असते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मग काय, विक्रेत्याकडून त्यांनी रंगांचे पाच नमुने मागवले आणि आपल्या दुकानात, अक्षरांच्या तक्त्याशेजारी, पांढऱ्या भिंतीवर टांगले. वीस फुटांवर खुर्ची. दिवे लख्ख. बायकोला बसवलं, मग मुलीला बसवलं, एकेक डोळा झाकायला लावला आणि विचारलं, आधी कोणता दिसतो? मुलगी तेव्हा शाळेत होती, घरात तिला बिट्टी म्हणत. दोघींनीही पहिलं बोट माझ्या रंगाकडे दाखवलं. पांढऱ्याकडे बघून तर बायकोने विचारलं की तिथे काही लावलंय का.

"जो आधी दिसतो तो सुरक्षित," चष्मेवाले म्हणाले. "यात वाद घालण्यासारखं काही नाही."

विक्रेत्यानेही पुस्ती जोडली, की राखाडीवर धूळ दिसत नाही आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याला मागणीही चांगली असते. झालं, माझी निवड पक्की झाली. मित्रांनो, त्या दिवशी मी इतकी फुगले होते की विचारू नका. शास्त्रशुद्ध परीक्षेत पहिली आले होते मी.

आणि बेकरीवाल्यांनी किती विचार केला असेल? अर्धा मिनिट. ते म्हणाले, आमच्या कपड्यांवर मैदा, केसांत मैदा, भुवयांत मैदा, पांढरी घेतली की पुसण्याची कटकट नाही. माझ्या बहिणीची निवड अशी मैद्यावरून झाली. मला तिची कीव आली होती. पहिली आणि शेवटची.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. पाहुणे येत, माझ्या अंगावरून हात फिरवत, रंग कसा भारदस्त आहे म्हणत. पण धूळ दिसत नाही या गुणाने पुढे माझ्यावरच सूड उगवला. दिसत नाही म्हटल्यावर धुणार कोण? बहिणीवर जरा चिखल उडाला की वर राहणारी बिट्टीची मावशी बादली घेऊन हजर. तिला फेस, तिला मऊ फडकं, तिच्या काचांना रद्दीचा कागद. मी शेजारी उभी, अंगावर पंधरा दिवसांची माती घेऊन, आणि तिच्या अंगावरून ओघळलेलं साबणाचं पाणी माझ्या चाकाखालून वाहत जायचं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तेही मी सोसलं असतं. पण मग ठोकर बसली.

संध्याकाळची वेळ होती. ऊन गेलेलं, अंधार आलेला नाही, दिवे लावावेत की नाही अशा संभ्रमाची ती घटका. गल्लीतून एक टेम्पो थेट माझ्या कुशीत शिरला. टेम्पोवाला खाली उतरून डोकं खाजवत म्हणाला की गाडी दिसलीच नाही. चष्मेवाल्यांनी त्याला झापलं, आणि वर दुकानाचा पत्ता देऊन डोळे फुकट तपासून द्यायचं कबूल केलं. तो आला, त्याला चष्म्याचा नंबर निघाला, आणि चष्मेवाले आठवडाभर विजयी मुद्रेने वावरले. दोन वर्षांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला मागून धडक दिली. तीच वेळ, तेच वाक्य, दिसलीच नाही. त्यांनाही दुकानात बोलावलं. त्यांना तर जाड चष्मा लागला.

तिसऱ्या खेपेला एक बाई होत्या, संगीत शिकवणाऱ्या. पावसाने रस्ता ओला होता, मी वळत होते, त्यांची स्कूटर माझ्या दारावर आली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. त्याही ओशाळून म्हणाल्या की समोर रस्ताच दिसत होता, गाडी नाही. चष्मेवाल्यांनी सवयीने त्यांना खुर्चीत बसवलं. बाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. शेवटची मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा. दोन्ही डोळे ठणठणीत. त्या दिवशी चष्मेवाले गाडी चालवत घरी आले, मला बंद केलं आणि बराच वेळ आतच बसून राहिले. पण कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. साडू वरच्याच मजल्यावर असताना तोंड उघडणं सोपं नसतं.

आणि त्या सगळ्या वर्षांत माझ्या बहिणीला? ओरखडा नाही. तोच रस्ता, तीच संध्याकाळ, तेच टेम्पो, तेच म्हातारे. तिला सगळे वाट देत होते. तिचं काय मोठं कर्तृत्व होतं, सांगा बरं! मी तिच्याइतकीच नीट चालत होते.

मध्यंतरी बेकरीवाल्यांनी पावासाठी बंद टपाची मोठी गाडी घ्यायचं ठरवलं. माझ्या बहिणीला विकायचं म्हणून जुन्या गाड्यांचा दलाल घरी आला. चष्मेवाल्यांनी त्याला माझीही किंमत विचारली. त्याने बहिणीभोवती एक चक्कर मारली आणि लगेच आकडा बोलून टाकला. माझ्याजवळ आल्यावर मात्र त्याने खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं. डाव्या कुशीला लावलं, मागे लावलं, दाराला लावलं, आणि प्रत्येक वेळी जीभ टाळूला लावून च्च केलं. तीन जागी दुसऱ्यांदा रंगलेली गाडी, कोण घेणार? राखाडीला मागणी असते हे त्याला मान्य होतं, पण ठोकलेल्या राखाडीला नसते. बहिणीची किंमत माझ्या दुपटीच्या जवळ गेली. चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला, आणि माझं तर बॉनेट उघडून बघितलं असतं तर धूर दिसला असता.

त्याच महिन्यात बिट्टीला नोकरी लागली. शहराबाहेरच्या इस्पितळात नर्स म्हणून. रस्ता लांबचा, दुतर्फा झाडांचा, आणि पाळी सुटायची ऐन तिन्हीसांजेला. तिला गाडी हवी होती. बेकरीवाले म्हणाले, दलालाला कशाला, माझी पांढरीच घेऊन जाऊ दे पोरीला, घरातली गाडी घरात राहील. काकांची लाडकी होती ती. बायकोलाही पटलं. पण चष्मेवाल्यांनी मान हलवली. आपल्याकडे गाडी असताना साडूची कशाला, ही राखाडी तिच्या नावाची, असं म्हणून त्यांनी माझी किल्ली तिच्या हातात ठेवली.

मित्रांनो, खरं सांगते, ते नाही म्हणाले तेव्हा मला आनंदाचं भरतं आलं. बहिणीला नाकारून मला निवडलं होतं. बिट्टीने मला धुतलं, आरशाला एक चिमुकला लोकरीचा ससा टांगला, आणि मी अजून न विकलेल्या बहिणीच्या नाकावर टिच्चून रोज फाटकातून बाहेर पडू लागले. पोरीला माझ्यात बसवणं चांगलं की वाईट, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. तीनदा ठोकर खाल्लेली मी, मला दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं का? पण हेवा माणसाला आंधळं करतो म्हणतात, गाडीलाही करतो.

तेविसाव्या दिवशी परत येताना आभाळ भरून आलं होतं. अंधार पडला नव्हता, म्हणून बिट्टीने दिवे लावले नव्हते. खाली राखाडी रस्ता, वर राखाडी आभाळ, मध्ये मी. समोरून येणाऱ्या मालट्रकने पुढच्या ट्रॅक्टरला मागे टाकायला म्हणून बाहेर अंग काढलं आणि तो सरळ आमच्या अंगावर आला. बिट्टीने चाक डावीकडे फिरवलं. मी कच्च्यात उतरले, झुडपात शिरले, एका दगडावर पोट घासून थांबले. ट्रक आमच्या शेजारून गेला तेव्हा त्याच्या वाऱ्याने मी हलले. बिट्टीने माझं इंजिन बंद केलं. त्या क्षणी मला बहिणीची आठवण झाली, आणि पहिल्यांदा वाटलं, आज ती इथे असायला हवी होती, मी नाही.

ट्रकवाला पुढे जाऊन थांबला आणि धावत आला. चांगला पन्नाशीचा माणूस, घामाने भिजलेला. "ताई, रस्ता मोकळा दिसला हो मला," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

बिट्टीने घरी फोन केला. वीस मिनिटांत बेकरीवाले आले, माझ्या बहिणीला घेऊन, शेजारी चष्मेवाले. पोरीच्या अंगावर ओरखडाही नव्हता, तरी त्यांनी तिचे हात, डोकं, डोळे सगळं तपासलं. मला ढकलून पुन्हा रस्त्याच्या कडेला उभं केलं, बहिणीच्या शेजारी. मग चष्मेवाले रस्त्याने मागे चालत गेले. पन्नास पावलं, शंभर पावलं, दोनशे. तिथे वळून उभे राहिले आणि आमच्याकडे बघू लागले. किती वेळ ते हलले नाहीत. ट्रकवाल्याला वाटलं पोलिसांना फोन करताहेत.

परत आले तेव्हा त्यांनी साडूचा हात धरला.

"तुमची गाडी बिट्टीला द्या," ते म्हणाले. "मी चुकलो. भिंतीवर बघून रंग घेतला, आणि पोरीला रस्त्यावर पाठवलं. तिथून फक्त तुमची दिसते. आमची नाहीच."

अकरा वर्षं तोंडातून न निघालेली गोष्ट ती. बेकरीवाले त्यावर टोमणा मारतील असं मला वाटलं, त्यांना संधीही सोन्यासारखी होती. पण त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि बिट्टीच्या मुठीत दिली. स्वतः माझ्यात बसून मला हळूहळू घरी आणलं. माझ्या बैठकीवर मैदा सांडला, आणि तो चांगला उठून दिसत होता.

आता मी चष्मेवाल्यांकडेच आहे. त्यांनी माझ्या मागेपुढे चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्यात, आणि भर दुपारीसुद्धा दिवे लावून फिरतात. लोक हात करून सांगतात, दिवे चालू राहिलेत. ते मान डोलावतात आणि चालूच ठेवतात. दुकानात कुणी गाडीचा विषय काढला की आपली फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी गाडी घ्यायचं चाललं तर मोठ्यांना एवढं सांगा. रंगाचा नमुना दुकानात बघू नका. संध्याकाळी बाहेर न्या, डांबरावर धरा, लांब जाऊन बघा. विकताना किती येतील ते नंतर बघू, ठोकलेल्या गाडीला कुठलाच रंग भाव मिळवून देत नाही. धुक्यात माझी बहीणही हरवते, तेव्हा रंग कोणताही असो, दिवे वेळेवर लावा. आणि धूळ दिसत नसली तरी गाडी धुवा, अंगावर असते ती.

हल्ली कधीकधी बिट्टीला रात्रपाळी असते. दिवेलागणीला ती निघते, माझ्या बहिणीतून, लोकरीचा ससा तिच्या आरशाला. चष्मेवाले फाटकात उभे राहतात, मी त्यांच्या मागे. रस्ता सरळ आहे, लांबवर जातो. मी जळते, अजूनही जळते, खोटं कशाला बोलू? पण बघते. पार त्या टोकाच्या वळणापर्यंत पोरगी मला दिसत असते.