माझ्या पोटातला खुळखुळा

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो. केंटकीच्या डोंगरातल्या एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवले आणि तिकडच्या रीतीप्रमाणे माझ्या पोटात खुळखुळ्या सापाच्या शेपटीचा खुळखुळा टाकला. त्याने उंदीर लांब राहतात आणि सूर गोड होतो, असे आमचे लोक मानतात.

सुतार वारला. त्याची मुलगी ऑर्लीना मला घेऊन शहरातल्या रेडिओवर गेली. तिथे एका पीठ कंपनीचा सकाळचा कार्यक्रम होता. कंपनीने तिचे नाव 'पीठवाली पॉली' ठेवले आणि तेच माझ्या अंगावर रंगवले. गावी तिची आई चुलीपाशी रेडिओ लावून बसे. ऑर्लीना सुट्टीला गेली की शेजारणी तिला चिडवत, "तुझी आई गाणं कुठं ऐकते गं? ती शेपटी ऐकते, शेपटी! खुळखुळा वाजला की म्हणते, आली माझी लेक!"

किती सुखाचे दिवस होते ते! मग ऑर्लीनाला खोकला जडला. गाताना दम लागू लागला. व्यवस्थापक हॅस्केल म्हणाले, "घरी जा, बाई. पॉली आमची आहे. तिचं नाव लिहिलेली गिटारही आमचीच."

"मग निदान रेडिओवरून आईला सांगू द्या, उद्यापासून मी नाही म्हणून."

"वेडी का काय? पॉली कधी जाते का?"

दुसऱ्या दिवशी पॉली म्हणून भलतीच मुलगी गायली. मित्रांनो, गप्प राहण्यासाठी मी जिवाचा आटापिटा केला! पण कोणी हलवले की मला वाजावेच लागते. ऑर्लीना मात्र मला गमावल्याच्या लाजेने घरी गेलीच नाही.

हिवाळा सरल्यावर तिची आई रेडिओवर आली. डोक्यावर चर्चला जातानाची रविवारची टोपी, हातात लेकीसाठी मुरंब्याची बरणी. नव्या मुलीच्या गळ्यात मला पाहून ती थबकली.

"तू कोण गं? माझी ऑर्लीना कुठंय?"

कोणालाच ठाऊक नव्हते.

"आवाज बदलला तेव्हा वाटलं, पोरीला सर्दी झाली असेल," ती पुटपुटली. "खुळखुळा तर रोज वाजत होता हो!"

तिने मला उपडे केले, हलवून हलवून खुळखुळा बाहेर काढला आणि मुठीत धरला. "माझी पोर सापडेपर्यंत हा वाजायचा नाही."

आता मी काचेच्या कपाटात आहे, पोट अजून रिकामेच. लोक माझ्यावर रंगवलेले नाव वाचून कौतुक करतात. मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण गाणाऱ्याचा आवाज बदलला, तर सर्दी असेल म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी जाऊन त्याची चौकशी करा.