बिल्ड अजून होत नाही

मॅडमना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी पाणीपुरवठ्यातली माणसं त्यांना मॅडमच म्हणतात. घरात यजमानही मॅडमच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. यजमान शाळेत भूगोल शिकवायचे, ते मास्तर. मुलगा सहा फूट उंच, लग्न झालेला, कपाळ मागे सरकत चाललेलं, लांबच्या शहरात कुठल्याशा बड्या कंपनीत प्रोग्रामर, आणि घरात त्याचं नाव छोटू. आता आईबापांना कोण समजावणार!

मॅडमनी नोकरीत असताना पंपहाऊससाठी एक प्रोग्राम लिहिला होता. कुठल्या टाकीत किती पाणी, कुठला पंप चालू, कुठला बंद, सगळं एका स्क्रीनवर. प्रत्येक टाकीची एक गोल तबकडी आणि तिच्यात हलणारा काटा. त्या काट्यावर मॅडमचा फार जीव. प्रोग्राम इतकी वर्षं बिनबोभाट चालला, आणि मग एके दिवशी पंपहाऊसमधल्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. नवा आला. नव्यावर प्रोग्राम उघडायलाच तयार नाही.

पंप ऑपरेटर घरी आला. जाडजूड माणूस, जिना चढूनच धापा टाकत होता.

"मॅडम, आता तुम्हीच काहीतरी करा. पाणी किती आहे ते बघायला मी शिडीवरून टाकीवर चढतोय. या वयात! बायको म्हणते, विमा काढलाय ना आधी?"

मॅडमनी जुना प्रोजेक्ट शोधून काढला आणि घरच्या कॉम्प्युटरवर, प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनमध्ये उघडला. त्याने विचारलं, हा प्रोजेक्ट जुन्या व्हर्जनचा आहे, बदलून घेऊ का? घे बाबा, म्हणाल्या. त्याने घेतला, आणि खालच्या बाजूला लाल एररची ही मोठी रांग लावली. मॅडमनी बरीच झटापट केली, पुष्कळशा एरर घालवल्या, पण शेवटची एक काही केल्या हटेना. काट्याचा जो जुना भाग होता, तो पोटात घ्यायला हे नवं व्हर्जन तयारच नव्हतं. शेवटी मॅडमनी हात टेकले आणि छोटूला फोन लावला.

आता छोटूचा फोन म्हणजे काय प्रकार होता तेही ऐका. रविवारी सकाळी यायचा. बरे आहात ना? औषधं घेताय ना? पंखा दुरुस्त झाला का? बरं, ठेवतो. झालं, संपलं. चहा गाळून होईपर्यंत फोन बंद. मास्तरांनी उचलला तर तेवढंही नाही. ते "हं, आईला देतो" म्हणायचे आणि फोन असा पुढे करायचे, जसा काही तापलेला तवा हातात आलाय. मग दिवसभर विचारत राहायचे, काय म्हणत होता? मॅडम म्हणायच्या, काही नाही. आणि खरंच काही नसायचं. पोरगा वाईट नव्हता हो. काळजी होती, पैसे पाठवायचा, डॉक्टरची वेळ तिथून ठरवायचा. फक्त बोलायचा नाही. मॅडमना ते आत कुठेतरी सारखं दुखायचं. आठवडाभर रविवारची वाट बघायची आणि रविवार असा चिमटीतून निसटून जायचा.

पण या वेळी चमत्कार झाला. एरर ऐकल्यावर छोटू म्हणाला, "थांब, ऑफिसातून आलो की संध्याकाळी लावतो फोन. बसू दोघं."

बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. मग रोजच बसायला लागले.

या धंद्यातल्या माणसांना ठाऊक असतं की कोड बदलला की बिल्ड करायचं, म्हणजे कॉम्प्युटरकडून सगळे तुकडे जुळवून चालता प्रोग्राम बनवून घ्यायचा, आणि बिल्ड होईपर्यंत स्क्रीनवर एक पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत असते. तेवढा वेळ काही करता येत नाही. फोन ठेवावा तर आत्ता होईल, न ठेवावा तर बोलायचं काय? मग माणूस काहीबाही बोलतो. मॅडमचा कॉम्प्युटर त्यांच्यासारखाच वयस्कर, त्यामुळे पट्टी निवांत सरकायची. आणि त्या वेळात छोटू बोलायला लागला.

आधी म्हणाला, दाढ काढली. मग म्हणाला, गॅलरीतलं झाड वाळलं, पाणी घालायला विसरत होतो. मॅडम म्हणाल्या, कुंडी दारातच ठेव म्हणजे ठेच लागून आठवेल. तो हसला. किती वर्षांनी हसला होता!

एकदा अशीच पट्टी सरकत होती. छोटू म्हणाला, "आई, घरी मी एकटाच असतो सध्या. ती तिच्या आईकडे राहते. म्हणजे, आता तिकडेच राहणार आहे बहुतेक."

मॅडमनी माऊस सोडला. "कधीपासून रे?"

"झाले काही महिने." मग जराशाने, "झालं का बिल्ड? काय एरर आली बघ."

एरर तीच होती. मॅडमनी ती वाचून दाखवली, आवाज शक्य तितका सरळ ठेवून. काही महिने! म्हणजे किती रविवार तो पंख्याची चौकशी करत होता आणि घरात एकटा जेवत होता. मॅडमना स्वतःचाच राग आला. आपण कधी विचारलं का? आपणही औषधांचंच सांगत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सहज म्हणून प्रोजेक्टच्या सेटिंगच्या पानावर गेल्या, आणि त्यांना दिसलं. एक छोटंसं खोकं, त्यात चौसष्ट. म्हणजे नव्या व्हर्जनने आपणहून सगळा प्रोजेक्ट चौसष्ट बिटांचा करून टाकला होता. तो काट्याचा जुना भाग बत्तीसचा. जुन्या पिनचा चार्जर नव्या फोनला लावला तर बसेल का? मॅडमनी खोक्यात बत्तीस केलं आणि बिल्ड दाबलं. एकही एरर नाही. तबकडी आली, काटा डौलात हलला. एवढंसं होतं! कपाळावर हात मारून त्या आपल्याशीच हसल्या.

दुपारी रिक्षा करून पंपहाऊसला गेल्या आणि चालू प्रोग्राम बसवून आल्या. ऑपरेटरचा जीव भांड्यात पडला. त्याने शिडीला हात जोडायचेच काय ते बाकी होते.

घरी येऊन मॅडम कॉम्प्युटरसमोर बसल्या. संध्याकाळी फोन येणार. झालं रे, सांगायचं. तो म्हणणार, वा आई! आणि मग? मग रविवार. बरे आहात ना, औषधं घेताय ना.

मॅडमनी घरच्या प्रतीत बत्तीसचं पुन्हा चौसष्ट केलं.

मास्तर मागे उभे होते. त्यांना प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण बायकोची मान कळते. "काय लबाडी चाललीय?"

"चालू झालाय प्रोग्राम. छोटूला सांगणार नाही."

"अहो मॅडम, पोराचा वेळ का खाताय? दमून येतो तो."

"खाणार! मला प्रोग्राम नकोय हो, मला माझं पोर हवंय!" मॅडम एकदम बोलून गेल्या आणि डोळे भरून आले म्हणून रागावल्या. "तुम्हाला नकोय का? तो बोलत असला की चष्मा शोधायला इथे कशाला येता? चष्मा नाकावर असतो तुमच्या!"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्या संध्याकाळपासून त्यांनी चष्म्याचं निमित्त सोडलं आणि सरळ खुर्ची आणून बसायला लागले.

मॅडमनी मग छान वेड पांघरलं. रोज एरर वाचायची, रोज हाय हाय करायची. मनात मात्र धाकधूक. छोटू या धंद्यात मुरलेला माणूस, आज ना उद्या तो म्हणणार, ते सेटिंगचं खोकं बघ गं. रोज फोन उचलताना त्यांना वाटायचं, आज म्हणतो. पण छोटू दुसरंच सांगायचा. सगळं काढून नव्याने टाक. प्रोजेक्ट परत एकदा बदलून घे. बदललं तेवढंच नको, सगळंच्या सगळं बिल्ड कर. म्हणजे पट्टी आणखीच रेंगाळायची. मॅडमना बरंच होतं ते, पण हळूहळू त्यांना वेगळीच काळजी लागली. एवढी साधी गोष्ट याला सुचू नये? याला पगार तरी कशाचा देतात? एक दिवस फोन ठेवल्यावर त्या मास्तरांना म्हणाल्याही, "आपला छोटू जरा कच्चाच राहिला हो. मी नोकरी नोकरी करत राहिले, अभ्यासाकडे लक्ष दिलं नाही."

"भूगोल पक्का आहे त्याचा," मास्तर म्हणाले.

कच्चा तर कच्चा. बिल्ड होत नव्हतं आणि दिवस छान चालले होते. एकटेपणाचंही तो थोडं थोडं सांगत होता. शनिवारी कपडे धुतो, म्हणाला. दोन ताटल्या असल्या तरी एकच वापरतो, म्हणजे दुसरी घासायला नको. मॅडमना वाटायचं, म्हणावं, ये इकडे, नाहीतर मी येते. ते ओठांवर यायचं आणि तेवढ्यात पट्टी संपायची.

मग एका शनिवारी तो फोनवर जरा घाईत आला.

"आई, आज काय तो सोक्षमोक्ष लावून टाकू. सोमवारपासून मला नवीन टीम दिलीय. कामाला सुमार नाही तिथे, संध्याकाळी जमणार नाही. तू तुझी स्क्रीन माझ्याकडे दे, मीच आत येऊन बघतो."

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर काय करणार, ते खुर्चीत आणखी आत सरकले.

"अरे, राहू दे. पंपहाऊसवाले नवीन घेतील काहीतरी."

"असं कसं? दे तू."

नाही म्हणायला कारण सापडेना. मॅडमनी स्क्रीन दिली. जरा वेळाने माऊस हातात नसताना बाण आपोआप हलला. मॅडम बघतच राहिल्या. त्यांच्या घरात, त्यांच्या स्क्रीनवर छोटूचा हात फिरत होता. लहानपणी पाटीवर अक्षर काढायच्या आधी तो पेन्सिल हवेत जरा फिरवायचा, तसाच बाण एक छोटी गिरकी घेऊन मग पुढे गेला. मॅडमना इतकं भरून आलं की भीतीसुद्धा क्षणभर विसरली. हात लावून बघावासा वाटला त्या बाणाला.

बाण एरर बघून आला. फायली उघडून मिटून आला. मग सरळ सेटिंगच्या पानावर गेला. मॅडमनी श्वास रोखला. बाण वरून खाली येत येत त्या खोक्यापाशी पोचला, जिथे चौसष्ट लिहिलेलं होतं, आणि त्यावर थांबला.

थांबला तो थांबलाच. फोनवर छोटूचा श्वास ऐकू येत होता. मॅडमना वाटलं, संपलं. आता हा बदलणार, बिल्ड होणार, शाबास म्हणणार, फोन ठेवणार. त्यांनी डोळेसुद्धा मिटले.

"हं," छोटू म्हणाला. "इथे सगळं ठीक दिसतंय."

मॅडमनी डोळे उघडले. बाण खोक्यावरून उतरून पुढच्या पानावर निघाला होता.

ठीक? ज्या माणसाचा बाण नेमका तिथे जाऊन इतका वेळ उभा राहतो, त्याला ते ठीक दिसेल? मॅडमनी उमेदीची सगळी वर्षं या धंद्यात घालवलेली. ती एरर वाचली की तिथेच जायचं, हे नवख्यालाही कळतं, आणि छोटूला त्यांनी ती पहिल्याच फोनवर वाचून दाखवली होती. पहिल्याच फोनवर! म्हणजे त्यानंतरचं ते सगळं काढ, परत टाक, सगळंच्या सगळं बिल्ड कर... अरे लबाडा! त्यांना तो रोज दमून येऊन एका ताटलीत जेवणारा पोरगा दिसला, आणि ओरडावंसं वाटलं, मिठी मारावीशी वाटली, आणि यातलं काहीच इथून करता येत नव्हतं.

मास्तरांनी भुवया उंचावून विचारलं, काय झालं? मॅडमनी नुसती मान हलवली.

"आई? आहेस ना?"

"आहे रे. मलाही ते ठीकच वाटलं होतं."

बाणाने जागच्या जागी एक छोटी गिरकी घेतली. मग छोटू हळूच म्हणाला, "सगळंच्या सगळं बिल्ड करून बघू का एकदा?"

"कर."

पट्टी निघाली. मॅडमनी पदराने डोळे पुसले आणि नाकातला आवाज लपवत म्हणाल्या, "सोमवारपासून तुला वेळ नाही ना पण?"

"नाहीच आहे," छोटू म्हणाला. "पण आई, हे असं अर्धवट टाकून कसं चालेल?"