दोन नंबरच्या हौदाची पट्टी

पट्टी विझली आणि ट्रक मासे न घेताच परत गेला. पण ते अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. आत्ता साडेअकरा वाजलेत, बर्फाचा ट्रक फाटकाशी गुरगुरतोय आणि दादाची धाकटी बहीण दोन नंबरच्या हौदाचं पाणी ड्रॉपरने कागदी पट्टीवर सोडतेय.

ती मासे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला; पट्टी तिनेच तिथे बनवलेली. जांभळा टॉर्च मारला की निळी चमकायची. पाण्यात अँटिबायोटिकचा अंश असला की विझायची. बाकी यंत्र म्हणजे बुटांचं खोकं, वर डोळ्यापुरतं भोक. तिच्या सहीशिवाय मासे हलणार नव्हते, आणि मासे हलले नाहीत तर दादा हौद विकून मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात बसणार होता. मेव्हण्याने खुर्ची पुसूनही ठेवली होती.

"दोन मिनिटं," ती म्हणाली.

"मघाचीही दोनच होती. अगं, मी थेंबभर औषध टाकलेलं नाही. शपथ घेऊ?"

"पट्टीला शपथ दिसत नाही, दादा."

"तुला सायकल कोणी शिकवली?"

"पाडलंही त्यानेच."

हॉर्न वाजला. तिने खोक्याला डोळा लावला. मग दुसरी पट्टी घेतली. मग तिसरी. दादाने खोकं ओढून स्वतः बघितलं. आत अंधार.

"टॉर्चची बॅटरी गेली असेल."

तिने नळाच्या पाण्याची पट्टी टॉर्चखाली धरली. ती निळीशार झगमगली.

पालथ्या क्रेटवर बसलेले बाबा बराच वेळ खोकले.

"मी घातलं," ते म्हणाले. "कॅप्सूल उघडून, खाद्यात कालवून. सकाळ-संध्याकाळ. वर येऊन तोंड वासत होते बिचारे. मंगळवारी बरे झाले."

"मंगळवारी हवेचा पंप दुरुस्त झाला, बाबा," दादा म्हणाला.

बहिणीने खोकं खाली ठेवलं. "कुठल्या कॅप्सूल?"

"डॉक्टरांनी दिलेल्या. दहा दिवसांच्या."

"त्या तुमच्या छातीसाठी होत्या!"

"मी काय, बसूनच असतो. याचं सगळं त्या माशांवर आहे."

दादा क्रेटपाशी वाकला. मग बाबांच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. हात काढला तो थेट ट्रककडे जायलाच.

"मासे नाहीत," तो ट्रकवाल्याला म्हणाला. "माणूस न्याल? दवाखान्यापर्यंत."

"बर्फात?"

"पुढे बसवा हो!"

बहिणीने फॉर्मवर 'नापास' लिहिलं. खाली हौदमालकाच्या खुलाशासाठी चार ओळी होत्या. बाबा चढण्याआधी अडून बसले: हौद कागदोपत्री अजून त्यांच्याच नावावर होता. बॉनेटवर फॉर्म टेकवून त्यांनी धापा टाकत, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'महोदय, औषध सहा दिवसच झाले आहे. कोर्स अर्धवट सोडू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तरी उरलेले चार दिवस माशांना औषध देण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'