पाच एकरांची मालकीण

मी पाच एकरांची मालकीण आहे, असं किसिमी गावच्या कोर्टातल्या जाडजूड वहीत लिहिलेलं आहे. त्यात खोटं काही नाही. वहीत जे लिहिलेलं नाही ते माझ्या कपाटात, उशांच्या अभ्र्यांखाली, बारा वर्षं पडून होतं. मी मंडळ सोडलं की ही जमीन कंपनीला परत लिहून द्यायची. त्या कागदावरही सही माझीच, वर्लीन ट्यूटन.

हे मंडळ प्रकरण बाहेरच्याला चटकन कळत नाही. लँटर्न लेकचा पार्क, त्यातली हॉटेलं, पाळणे, कृत्रिम समुद्रकिनारा, हे सगळं ज्या जमिनीवर आहे तिथलं सरकारही कंपनीच चालवते. रस्ते, गटारं, आगीचे बंब, बांधकामाचे परवाने, सगळं पाच जणांचं एक मंडळ बघतं. कायदा म्हणतो, मंडळावर बसणारा माणूस तिथला जमीनदार हवा. जमीन तर सगळी कंपनीची. मग कंपनी आपल्या भरवशाच्या पाच माणसांच्या नावावर पाच-पाच एकर दलदल करून देते. झाले जमीनदार. निवडणुकीत एकराला एक मत. कंपनीकडे पंचवीस हजार एकर आणि आमच्या पाच जणांचे मिळून पंचवीस. निकालाची काळजी कुणी करत नाही.

१९८९ साली मला मंडळावर घेतलं. मी तेव्हा कंपनीच्या कालव्यांच्या खात्यात होते आणि पाणी कुठून कुठे वाहतं हे नकाशा न बघता सांगायचे. हॅगर्टी म्हणून कंपनीचा वकील होता, गुलाबी गालांचा, नेहमी हसतमुख. त्याने नकाशा पसरला आणि म्हणाला, "घ्या बाई, कुठलीही निवडा. सगळ्या सारख्याच ओल्या आहेत." मी एका तुकड्यावर बोट ठेवलं. तो तुकडा एके काळी आमचा होता.

सहाशे एकर होती आमची, डॅडी तिच्यावर गुरं पाळायचे. डॅडींनी ती १९६५ साली विकली. त्या वर्षी गावात टोपीवाले आले होते. एक म्हणायचा, मी लाकडाच्या कंपनीचा. दुसरा म्हणायचा, मी संत्र्यांच्या बागा करणार. तिसऱ्याला म्हणे गुरं पाळायची होती. रस्त्यात समोरासमोर आले तर एकमेकांना ओळखसुद्धा दाखवायचे नाहीत. मी एकोणीस वर्षांची होते आणि बसस्टँडसमोरच्या खाणावळीत कॉफी ओतायचे. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की तिघे मागच्या टेबलावर बसायचे, एकाच ताटलीतून ॲपल पाय खायचे आणि नकाशावर पेन्सिल फिरवायचे. तिघांच्या मागे एकच गिऱ्हाईक आहे हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. घरी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, "डॅडी, थांबा, भाव वाढणार आहे." मी मूग गिळून गप्प बसले. मला डांबरी रस्त्यावरचं घर हवं होतं, न्हाणीघरात टब हवा होता, आणि डास नको होते. डॅडी थांबले असते तर विक्री फिसकटली असती, अशी मला भीती वाटली.

डॅडींनी सही केली. आठ महिन्यांनी पेपरात आलं की सगळी नावं खोटी होती, मागे लँटर्न कंपनी आहे आणि इथे पार्क होणार. शेजारच्या क्रॉफर्डने विकायचं लांबवलं होतं, त्याला दसपट मिळाले. "टोपीवाल्याने गळा कापला," असं डॅडी चर्चच्या पायरीपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळीकडे सांगत राहिले. आणि १९७१ साली पार्क उघडला तेव्हा मी तिथल्या लाँड्रीत नोकरी धरली, कारण गावात दुसरी नोकरी नव्हती. त्या दिवसापासून डॅडी माझ्याशी बोलायचे बंद झाले. नाताळला मी ताट घेऊन स्वयंपाकघरात उभ्याने जेवायचे. आई गेली तेव्हाही त्यांनी माझ्या भावाकरवी निरोप दिला, वर्लीनला सांग, फुलं पांढरी आण.

अठरा वर्षं. मग तो तुकडा माझ्या नावावर झाला आणि मी कोर्टातल्या नोंदीची नक्कल त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझं नाव मोठ्याने वाचलं. "बस," म्हणाले. "चहा घे." गार गोड चहा होता, बर्फ वितळलेला. मी तो घटाघटा प्यायले आणि दुसऱ्या कागदाबद्दल चकार शब्द काढला नाही. सांगितलं असतं तर पेला हातातून काढून घेतला असता त्यांनी.

आमच्याकडच्या जुन्या गुराख्यांची हीच एक खोड. कोर्टाच्या वहीत नाव चढलं की जमीन आपली, त्यापुढे कुठला कागद असू शकतो हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. दर शनिवारी डॅडी माझ्या पासवर मागच्या फाटकातून आत येऊ लागले. कोपऱ्यांना लोखंडी नळ्या ठोकल्या, काटेरी तार ताणली आणि चार कालवडी आणून सोडल्या, आपला डाग मारलेल्या. मी म्हटलं, आता बोंब होणार. कसली होते. शेतजमीन म्हणून कर कमी लागावा यासाठी कंपनीनेच आपल्या रिकाम्या जमिनीवर भाड्याची गुरं सोडलेली होती. बारा वर्षं आमच्या कालवडी, गाई झाल्या तरी आम्ही त्यांना कालवडीच म्हणायचो, त्यांच्या हिशेबात खपून गेल्या.

आता २००१ साली माझी नोकरीची तीस वर्षं भरली. हॅगर्टीचा फोन आला, "सोमवारी या, निरोपाचा केक आहे आणि एक छोटीशी सही." मी बरं म्हटलं. शुक्रवारी डॅडींकडे गेले तर घराच्या पुढे पाटी, घर विकणे आहे.

"हे काय?" मी विचारलं.

"घर काढलं विकायला. मंगळवारी गिऱ्हाईक सही करायला येतंय. चाकांवरचं घर बघून ठेवलंय, तुझ्या पाच एकरांवर नेऊन लावतो. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला किती जागा लागते? कालवडी आणि मी."

त्या रात्री पहाटेपर्यंत जागीच होते. शनिवारी नेहमीसारखी त्यांना घेऊन जमिनीवर गेले. ते पालथ्या बादलीवर बसून तारेला पीळ देत होते. झाडांपलीकडून पार्कच्या बँडचा आवाज येत होता. मी गाडीतून कागद आणला आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "हे कधीचं?"

"पहिल्या दिवसापासूनचं."

"म्हणजे मंगळवारी मी घर विकलं असतं आणि बुधवारी कालवडींबरोबर रस्त्यावर उभा असतो."

"हो."

"केव्हा सांगणार होतीस? बुधवारी?"

"आज सांगतेय ना."

"उशीर करायची ही रीत तुझ्या आईची." कागदाची घडी करून त्यांनी मला परत दिला. आवाज चढला नाही. मला वाटलं होतं, आता हा माणूस पुन्हा अठरा वर्षांसाठी बंद होणार. त्यांनी पकड उचलून तारेला आणखी एक पीळ दिला. "अजून काही आहे?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. पण माझा मला इतका वीट आला होता की मी सगळं सांगून टाकलं. खाणावळ, मागचं टेबल, तीन टोप्या, एक ताटली, आणि मी का गप्प बसले ते. टबचंही सांगितलं. पंचावन्न वर्षांची बाई, न्हाणीघरातल्या टबाबद्दल बापाची माफी मागत होते.

"तीन नव्हते," डॅडी म्हणाले. "चार होते."

"काय?"

"चौघे एकच गाडी आळीपाळीने वापरायचे. हिरवी फोर्ड, मागचा दिवा फुटलेला. अगं, दुसऱ्याची गाय शंभरात ओळखणारी माणसं आम्ही. गाडी नाही ओळखणार? मागे एकच मोठा आहे, हे मला तुझ्या आधी कळलं होतं."

"मग थांबला का नाहीत?"

"कंटाळलो होतो." त्यांनी पकड बादलीशेजारी ठेवली. "बारा वर्षं गुरांच्या जखमांमधल्या अळ्या वेचल्या मी. दलदलीत उतरून गुरं ओढली. पहिला जो विचारेल त्याला देऊन मोकळं व्हायचं होतं मला."

"पण तुम्ही तर गावभर सांगितलंत की फसवलं म्हणून."

"जमीन तुझ्या आईच्या वडिलांची होती, वर्लीन. तिला विकायची नव्हती. तिला काय सांगू, कंटाळा आला म्हणून विकली? फसलो म्हणालो. फसलेल्या माणसाला बायको जेवायला वाढते."

डोक्यात हळूहळू एक एक गोष्ट जागेवर बसायला लागली. "आणि मी?" मी विचारलं. "मी नोकरी धरली म्हणून अठरा वर्षं तुम्ही माझं तोंड बघितलं नाहीत."

"बघितलं असतं तर तुझी आई म्हणाली असती, ज्यांनी गळा कापला त्यांच्या घरी मुलगी धुणी धुते आणि तुला राग कसा नाही? मग तिला सगळंच कळलं असतं."

"आई ऐंशी साली गेली."

"हो."

"त्यानंतरची नऊ वर्षं?"

"सवय झाली होती," ते म्हणाले. "आणि सुरुवात कशी करायची कळेना. तू तो कागद घेऊन आलीस, बरं झालं."

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. मी माझं एक वाक्य छत्तीस वर्षं छातीवर घेऊन फिरले. स्वयंपाकघरात उभ्याने गिळलेला प्रत्येक घास मी माझी शिक्षा समजून गिळला, आणि या माणसाला ते वाक्य आधीपासून माहीत होतं. त्याच्या स्वतःच्या खोट्याला टेकू हवा होता म्हणून त्याने मला अंधारात उभं केलं होतं. मी हे सगळं त्यांना बोलले, याच शब्दांत. त्यांनी अडवलं नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते, आणि ऐकून बरंही वाटलं नाही.

"घराची पाटी काढा," मी म्हटलं. "सोमवारी मी सही करणार आहे. कालवडींचं तुमचं तुम्ही बघा."

"बघतो."

ते गुडघ्यांवर हात टेकून उठायला गेले आणि जमलं नाही. पुन्हा उठायला गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. म्हातारा, डाग पडलेला हात, तारेने खरचटलेला. मी तो लगेच धरला नाही. बराच वेळ त्यांना तसंच हात पुढे करून बसू दिलं, मग धरला आणि उठवलं.