तांगझुगुचं बी

"हे आमच्या गावचं बी नाही," नोआगाकाका म्हणाले आणि पोत्यात खुपसलेला हात त्यांनी बाहेर काढला.

पोत्यावर चिठ्ठी होती: तांगझुगु. खाली त्यांच्याच धाकट्या बहिणीचं, पोगबीचं नाव.

"काका, चिठ्ठी तरी वाचा."

"चिठ्ठी काय, कुणीही लिहील, बाई. आमचं नेरेचं बी बारीक, चपटं. हे बांफोराकडचं, दक्षिणेतलं. पावसावर पोसलेलं."

राजधानीतल्या, वागादुगुच्या आमच्या प्रयोगशाळेत हा माणूस एकतीस वर्षं बिया दळतोय. दळायचं, चाळायचं, बाटलीत भरायचं. पुढची सगळी ऐट आमची. बियांबद्दल त्यांना कधी कुणी काही विचारलं नाही. मीही नाही, सांगायला लाज वाटते.

माझं काम साधं होतं. प्रदेश बदलला की नेरेच्या, म्हणजे शेंगांच्या त्या रानझाडाच्या, खायच्या बियांतलं प्रथिन आणि तेल किती बदलतं, हे पाच गावांचं बी आणून पाहायचं. ज्या गावचं सरस ठरेल तिथं त्याच बियांची रोपवाटिका होणार होती. ती तांगझुगुला मिळावी म्हणून काकांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. महिनाभर रोज सकाळी विचारत, "आमचं पोतं आलं?" आता ते गप्प बसले असते, तर मला काही कळलं नसतं.

त्यांनी माझ्यासमोरच, स्पीकर चालू ठेवून, बहिणीला फोन लावला.

"पोगबी, बी कुठून आणलंस?"

"का? चांगलं नाही निघालं?"

"बाजारातलं आहे."

"मग काय राजधानीला आपलं किडूकमिडूक पाठवायचं? पाहुण्यापुढं कुणी मरतुकडी कोंबडी ठेवतं? सगळ्या बायकांनी बसून एकेक बी निवडलंय. आता तूच काढ गावाची लाज."

"आपलं पाठव."

"आपलं राहिलंय कुठं, दादा? झाडं वाळली. मशिदीमागचं तेवढं एक उभं आहे."

चौथ्या दिवशी बसच्या ड्रायव्हरनं फडक्यात बांधलेलं पुरचुंडीभर बी आणून दिलं. बारीक, चपटं. एवढ्याशा बियांत एकच तपासणी होण्यासारखी होती.

"प्रथिन बघू की तेल?" मी विचारलं.

"पोरांचं अंग कशानं भरतं?"

"प्रथिनानं."

"मग ते बघा."

त्या दिवशी त्यांनी दळणयंत्र तीनदा पुसलं. तपासणी होईपर्यंत माझ्या टेबलाजवळून ते हलले नाहीत. आकडा आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. पाचांत सगळ्यात जास्त. इतक्या कोरड्या, दगडाळ रानातलं बी, आणि हे कुठून आलं त्यात? मला विलक्षण आनंद झाला आणि पुढच्याच क्षणी नियम आठवला. गावाचा आकडा धरायला किमान तीस झाडांचं बी लागतं. एका झाडाचं आम्ही धरत नाही.

हे सांगताना मला फार वाईट वाटलं. काकांनी ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. "एका माणसावरून आपण तरी कुठं गाव ओळखतो." मग पुन्हा फोन लावला.

"पहिलं आलं. पण धरत नाहीत. एकाच झाडाचं आहे ना."

"मग रोपवाटिका?"

"नाही."

"ते बाजारातलं ठेवलं असतंस तर मिळाली असती?"

"मिळाली असती. तपासणीत ते बाकी चार गावांपेक्षा सरस निघालं."

आता पोगबी काकांना चांगलं फैलावर घेणार, असं मला वाटलं.

"मग इथं बांफोराची रोपं लावली असती त्यांनी. दुसऱ्या उन्हाळ्यात जळून गेली असती," ती म्हणाली. "मी पाठवलेलं सगळं दळलंत?"

"सगळं."

"मला वाटलंच. मी काढून ठेवल्यात थोड्या बिया."

"किती?"

"सात. त्यातल्या दोन किडक्या आहेत."

बाहेर जून लागला होता, पेरणीचे दिवस. काकांनी फोन खिशात ठेवला, हात पुसले आणि मला विचारलं, रजेचा अर्ज कसा लिहितात.