फडक्याचा वास

कोळ्याच्या दारात मेंढ्या बघून अख्खं काशीद हसलं होतं. नीराबाईने हसणाऱ्यांना भीक घातली नाही. थोरला मुलगा दर्याने नेला, त्याच आठवड्यात तिने नवऱ्याकडून वचन घेतलं, पुन्हा होडीत पाय टाकायचा नाही. शिवदासने मुकाट्याने जाळी देऊन टाकली. घाट उतरून आलेल्या तुकाराम धनगराकडून त्याने चार मेंढ्या आणि एक मेंढा आणला.

पण समुद्राकाठची ओल त्या जनावरांना मानवेना. पावसाळ्यात खूर सडले आणि एकेक करत चार गेली. उरली एक मेंढी, तीही गाभण. ती नीट व्याली तर कळप पुन्हा उभा राहील, नाहीतर शिवदासला होडीशिवाय गती नाही, हे दोघांनाही कळत होतं.

मार्गशीर्षात एका सकाळी मेंढी व्याली. पिल्लू मादी, काळंभोर. नीराबाईचा आनंद पोटात मावेना. ओलं पोर कुडकुडतंय बघून तिने हाताला लागलं ते फडकं घेतलं आणि मेंढीने जीभ लावायच्या आतच त्याला पुसून कोरडं केलं. फडकं धुतलेलंच होतं, पण त्यात दरसाल सुके बोंबील बांधले जायचे. त्या वासात जन्म गेलेला, तिच्या नाकाला तो जाणवणार कुठून!

मेंढीला जाणवला. तिने पिल्लू हुंगलं आणि टक्कर देऊन लांब ढकललं.

दुपारी तुकाराम आला. पिल्लू नाकाशी नेऊन त्याने हुंगलं.

"बाई, आईनं चाटायच्या आधीच पुसलंस व्हय? आता ती ह्याला आपलं म्हणायची न्हाय."

शिवदासने मेंढीचे पाय धरले, नीराबाईने पिल्लू आचळाला लावलं. मेंढीने पान्हा चोरला. शेजारच्या रशीदच्या शेळीचं दूध बोळ्याने पाजलं, तेही पोटात ठरेना. ज्या हातांनी माया केली त्याच हातांची नीराबाईला शिसारी आली.

चौथ्या दिवशी शिवदासने पिल्लू सुरूच्या झाडाखाली पुरलं. हात धुता धुता तो म्हणाला, "अगो, काळूरामच्या होडीला एक माणूस कमी हाय."

तिला किंचाळायचं होतं, त्याचा सदरा धरून ठेवायचा होता. ती चुलीपुढे बसली आणि परातीत पीठ ओतलं.

"भाकऱ्या किती बांधू?" तिने विचारलं.